१८७९ चा दख्खन शेतकरी कायदा: छापील निकालांच्या पलीकडची साधने पुण्यात कुठे आणि कशी पाहावीत?

भीमथडी (प्रश्न)

नमस्कार. एलएल.एम.च्या प्रबंधाचा विषय असा आहे: १८७९ चा १७ वा कायदा, म्हणजे डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट (कर्जबाजारी शेतकऱ्याला सावकारी दाव्यांत संरक्षण देणारा कायदा), १८८० ते १९१० या काळात पुणे जिल्ह्यात प्रत्यक्ष कसा चालला. कायद्याचा मजकूर, आय.एल.आर.च्या (इंडियन लॉ रिपोर्ट्स, म्हणजे हायकोर्टाचे छापील निकाल) मुंबई मालिकेतले निकाल आणि १८७५ च्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांवरच्या आयोगाचा अहवाल एवढे वाचून झाले आहे. अडचण अशी की निकालांत बहुतेक ठिकाणी 'शेतकरी म्हणायचे कोणाला' हाच वाद दिसतो. सावकाराने दावा लावला, कुळ (म्हणजे कर्जदार शेतकरी) कोर्टात आले, पुढे काय झाले, हप्ते बांधून मिळाले की नाही, जमीन राहिली की गेली, यातले काहीच कळत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. खालच्या कोर्टांतले कागद आज मिळतात का, आणि कोणत्या रस्त्याने? मोडी येत नसेल तर हा विषय सोडून द्यावा का? आणि निकाल, सरकारी अहवाल, दस्त, वर्तमानपत्रे अशी वेगवेगळ्या जातीची साधने एकत्र कशी लावायची, म्हणजे नुसती जंत्री होणार नाही? हातात आठ महिने आहेत. मुक्काम पुण्यातच, मुंबईला अधूनमधून जाता येईल.

दरखास्त (उत्तर)

निकालांत रोजचा व्यवहार का दिसत नाही, याचे उत्तर कायद्यातच आहे. कलम १० पुन्हा वाचा. दुसऱ्या प्रकरणाखाली येणाऱ्या, म्हणजे लहान रकमेच्या दाव्यांत अपील ठेवलेलेच नाही. त्याऐवजी सातव्या प्रकरणात तपासणीची आणि फेरतपासणीची व्यवस्था आहे आणि तिच्या माथ्यावर विशेष न्यायाधीश. जे दावे हायकोर्टापर्यंत जाऊच शकत नव्हते, ते आय.एल.आर.मध्ये सापडणार कसे? तुमच्या हातातले निकाल हे मोठ्या रकमांचे, अडलेल्या मुद्द्यांचे किंवा मुद्दाम वर पाठवलेल्या कायदेशीर प्रश्नांचे आहेत. ते चुकीचे नाहीत, पण ते नमुना नाहीत. प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात हे स्वच्छ लिहा, नाहीतर पुढचा प्रत्येक निष्कर्ष डळमळीत राहील.

दुसरे, कायद्याचा 'मजकूर' वाचला म्हणता तो कोणत्या साली उभा असलेला? १८८१, १८८२, १८८६ आणि १८९५ साली त्यात दुरुस्त्या झाल्या, पुढे मुंबईच्या १९०७ च्या कायद्याने १०-अ हे कलम आले. 'शेतकरी' या शब्दाची व्याख्याच बदलत गेली. १९२० च्या सुमाराची छापील प्रत समोर ठेवून १८८३ चा दावा वाचलात तर फसाल. मूळ १८७९ चा मजकूर एका बाजूला घ्या, समोरच्या कोऱ्या पानावर प्रत्येक दुरुस्ती तारखेसह चिकटवा. दोन दिवसांचे काम आहे, पण पुढे रोज उपयोगी पडते.

तिसरे, विधेयकावरची चर्चा मुंबईच्या कायदेमंडळात शोधू नका. हा गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा कायदा आहे, कारण दिवाणी प्रक्रिया संहिता, मुदतीचा कायदा, नोंदणीचा कायदा या सगळ्यांना तो छेद देत होता. उद्देशपत्रिका, विधेयकाचा मसुदा, समितीचा अहवाल आणि चर्चा हे सगळे भारत सरकारच्या गॅझेटात आणि कौन्सिलच्या कामकाजाच्या छापील गोषवाऱ्यात मिळेल. पुण्यात अशा जुन्या सरकारी प्रकाशनांसाठी पहिली फेरी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात मारा.

खालच्या कोर्टांचे चित्र देणारा सगळ्यात जवळचा छापील कागद म्हणजे या कायद्याच्या अंमलावरचे विशेष न्यायाधीशांचे वार्षिक अहवाल. न्यायमूर्ती रानडे आधी या कामात साहाय्यक होते आणि १८९३ मध्ये हायकोर्टात जाईपर्यंत स्वतः विशेष न्यायाधीश होते. तपासणीला गेलेल्या न्यायाधीशाने खालच्या कोर्टाची कोणती चूक धरली, हिशेब कसा घ्यायला लावला, सलोखेदारांकडून (दाव्याआधी तडजोड घडवण्यासाठी या कायद्याखाली नेमलेल्या माणसांकडून) किती प्रकरणे तशीच परत आली, हे तिथे सापडते. १८९१-९२ मध्ये कायद्याच्या अंमलाची चौकशी करणारा आयोग नेमला होता, त्याचे कागदही बघा. मात्र आकड्यांची तुलना करताना 'निकाली काढलेले' या रकान्यात काय काय धरले आहे ते दर वर्षी तळटीपेत तपासा. तडजोड, काढून घेतलेला दावा, एकतर्फी निकाल हे कधी एकत्र असतात, कधी वेगळे.

रुमाल

कोर्टाच्या कागदांबद्दल आधी कटू गोष्ट. ज्या १८७९ साली हा कायदा झाला, त्याच साली जुने कागद नष्ट करण्याचाही कायदा झाला. त्याच्या जागी १९१७ चा आला. दाव्याच्या बोचक्यातले कागद वर्गवारीने वेगळे काढून मुदत संपली की जाळण्याची पद्धत तेव्हापासून पक्की आहे. त्यामुळे १८८५ च्या एखाद्या पन्नास रुपयांच्या दाव्याचे संपूर्ण बोचके, म्हणजे दावाअर्ज, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), पुरावे, रोजनामा (दर तारखेच्या कामकाजाची नोंद) सगळे एकत्र मिळेल अशी आशा धरू नका. तगले असेल तर दाव्यांचे रजिस्टर, निकालपत्र आणि हुकूमनामा (डिक्री).

अर्ज करताना लोक चूक करतात ती अशी: 'सन १८८० ते १९१० चे सावकारी दावे पाहायचे आहेत' असे लिहितात. रेकॉर्ड रूममधल्या माणसाला असा अर्ज राबवताच येत नाही. कोर्टाचे नाव, दाव्याचा क्रमांक आणि साल, ही तीन अंगे लागतात. म्हणून पहिला अर्ज फक्त रजिस्टर पाहण्यासाठी करा, जिल्हा न्यायाधीशांच्या नावे, संस्थेच्या पत्रासह, एकच कोर्ट आणि दोन-तीन सालेच मागा. तिथून क्रमांक उतरवून घ्या आणि मग नकलांचा अर्ज. तुम्ही त्या दाव्यात पक्षकार नाही, तेव्हा नक्कल कशासाठी हवी याचे कारण स्पष्ट लिहावे लागेल. दरखास्तीचे (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जांचे) रजिस्टर वेगळे असते, ते मागायला विसरू नका. हुकूमनामा झाला म्हणजे पैसे वसूल झाले असे नाही. जप्ती, लिलाव, हप्ते चुकणे हे सगळे दरखास्तीत दिसते.

पुण्याच्या पुराभिलेखागाराबद्दल गैरसमज नको. कौन्सिल हॉलजवळच्या त्या दगडी इमारतीत पेशवे दप्तराचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत, पण ते मुख्यतः १८१८ पर्यंतचे. तुमच्या तीस वर्षांसाठी मुख्य खाण मुंबईत आहे: राज्य पुराभिलेखागारातले न्याय खात्याचे आणि महसूल खात्याचे खंड. दोन्ही पाहा. दंग्यांचा आणि कर्जाचा पत्रव्यवहार दोन्हीकडे विखुरला आहे, कारण कलेक्टर महसूल खात्याला लिहीत आणि न्यायाधीश न्याय खात्याला. एकाच घटनेवर दोघांचे म्हणणे जुळत नाही, आणि तुमच्या प्रबंधाला तेच हवे आहे.

तिथे वर्षवार सूची आधी बघायची. टिपण करताना खाते, साल, खंडाचा क्रमांक आणि कंपायलेशनचा (खंडातल्या एका विषयाच्या कागदांच्या संचाचा) क्रमांक ही चारही अंगे उतरवायची. यातले एक राहिले तर सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा सापडणार नाही. फोटो काढू देत असतील तर आधी खंडाच्या पाठीचा फोटो, मग कंपायलेशनच्या पहिल्या पानाचा, मग आतली पाने. त्याच दिवशी संध्याकाळी फोल्डरला नावे द्या. एका दिवसाचे तीनशे फोटो आठवड्याने ओळखता येत नाहीत. पुण्याहून सकाळच्या गाडीने जाऊन परत येणार असाल तर सूची आधी एका फेरीत पाहून मागणीच्या चिठ्ठ्या तयार ठेवा, म्हणजे दुसऱ्या फेरीत पूर्ण दिवस वाचनाला मिळेल.

परदेशी जाता येत नसले तरी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस नोंदींची सूची इंटरनेटवर चाळा. खात्यांचे वार्षिक अहवाल तिथे व्ही/२४ या मालिकेत आहेत. इथे फाटलेला किंवा हरवलेला अहवाल मुळात छापला गेला होता की नाही, एवढे तरी त्यावरून कळते.

मृगसाल

मोडीविषयी. विषय सोडू नका, पण मोडी शिका. रोज एक तास दिला तर दोन-तीन महिन्यांत छापील वळणाचे मोडी वाचता येते. भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पुराभिलेख खात्यातर्फे वर्ग होतात. एकोणिसाव्या शतकातली सावकारी खते (कर्जरोखे) तर एकाच साच्यात लिहिलेली असतात, म्हणून पेशवाईतल्या पत्रांपेक्षा सोपी. साचा एकदा डोक्यात बसला की डोळा फक्त नावे, रक्कम, व्याज, मुदत आणि साक्षी शोधतो.

एक खत कसे वाचावे ते सांगतो. डोक्यावर 'श्री', मग शके आणि संवत्सराचे नाव, महिना, तिथी, वार. मग 'खत लिहून घेणार' आणि 'खत लिहून देणार', दोघांची नावे, जात, धंदा, गाव. पुढे 'कारणे खत लिहून दिले ऐसे जे' आणि मजकूर. मोडीत काही आकड्यांच्या वळणांत घोटाळा होतो, म्हणून शक पडताळून घ्या. शकाच्या आकड्यात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी राहील तो प्रभवापासूनचा संवत्सराचा क्रमांक. शके १७९७ घ्या: १८०९ ला ६० ने भागून बाकी ९, नववा संवत्सर युवा. खतावर 'युवानाम संवत्सरे' असेल तर १७९७ बरोबर वाचलात. 'श्रीमुख' असेल तर तो शक १७९५ आहे आणि तुम्ही ५ चा ७ केलात. सुप्याचा दंगा १२ मे १८७५ चा, म्हणजे शके १७९७ च्या सुरुवातीचा. त्याच्या आधीचे खत की नंतरचे, हे दोन वर्षांच्या चुकीने उलटे होते.

महसुली कागदांत फसली साल येते. आपल्याकडे ते मृगाला बदलते. जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला फसलीत ५९० मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंत ५९१. म्हणजे मे १८७५ ही फसली १२८४. पेशवाईतल्या कागदांवरचे अरबी साल, म्हणजे शुहूर सन, वेगळे. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. दोन्हींची गल्लत करू नका.

आता कागद उलटा करा. स्टँपच्या पाठीवर स्टँप विकणाऱ्याचा शेरा असतो: अनुक्रमांक, कोणाला विकला, कोणत्या तारखेला. खतावरची तारीख त्या शेऱ्याच्या आधीची असेल तर खत मागच्या तारखेचे केलेले आहे. आणि स्टँप कोणी घेतला, सावकाराने की कुळाने, तेही पाहा.

रकमेवर कधीच विश्वास ठेवू नका. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली, म्हणून दर तीन वर्षांनी जुने खत फाडून नवे होई. शंभर रुपये मुद्दल, दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याज धरा. तीन वर्षांत व्याज ७२. नवे खत १७२ चे, आणि त्यात 'रोख मिळाले' असेच लिहिलेले. आणखी तीन वर्षांनी व्याज १२३ रुपये ८४ पैसे, म्हणजे खत जवळपास २९६ चे. दामदुपटीचा जुना नियम व्याज मुद्दलापेक्षा वाढू देत नाही. पण खत बदलले की व्याजच मुद्दल होऊन बसते आणि नियम तिथल्या तिथे निकामी होतो. (हिशेब दशमानात दाखवला. खतात आणे-पै असतील: ८४ पैसे म्हणजे तेरा आण्यांच्या थोडे वर.)

कलम १२ चे महत्त्व इथे कळते. न्यायाधीशाने खताच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराच्या सुरुवातीपासून इतिहास काढावा, असे ते सांगते. कलम १३ प्रमाणे मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे ठेवायचे, व्याज मुद्दलात मिसळू द्यायचे नाही. वाजवी दर ठरवणे कलम १४ खाली कोर्टाच्या हातात. वरच्याच खतात कोर्टाने सरळ व्याजाने ९ टक्के धरले तर सहा वर्षांचे व्याज ५४ आणि एकूण देणे १५४. २९६ आणि १५४ यांतले अंतर हा कायद्याचा खरा परिणाम. निकालपत्रात 'दावा रक्कम' आणि 'हुकूमनाम्याची रक्कम' हे दोन आकडे सापडले की तुमच्या तक्त्यातला पहिला रकाना तयार झाला.

भीमथडी

मनापासून आभार. रजिस्टरसाठी अर्जाचा मसुदा करतो आहे. दोन उपप्रश्न. कोर्टाचे कागद नष्ट झाले असतील तर जमिनीच्या बाजूने तीच गोष्ट पकडता येईल का? आणि किती नोंदी घेतल्या म्हणजे काही बोलता येईल?

खातेउतारा

येईल, आणि कित्येकदा कोर्टापेक्षा जास्त सापडते, कारण बहुतेक भांडणे कोर्टात पोचतच नाहीत.

दुय्यम निबंधकाकडे पुस्तक १ मध्ये स्थावराचे दस्त असतात. पुस्तक १ आणि त्याची सूची कोणालाही पाहता येते, फी भरून नक्कल मिळते. मृत्युपत्रांचे पुस्तक ३ आणि किरकोळ दस्तांचे पुस्तक ४ यांना ही मोकळीक नाही. सूची क्रमांक १ माणसांच्या नावांनी, क्रमांक २ गाव आणि मिळकतीने. तुम्ही दुसरीतून शिरा: एक गाव धरा, सगळ्या नोंदी उतरवा. नावांतून गेलात तर आडनाव नसलेला 'राणू वल्द बाळू' दहा वेळा येईल आणि दहाही वेगळे निघतील.

यात एक मोठे छिद्र आहे. शंभर रुपयांखालच्या गहाणाची नोंदणी सक्तीची नव्हती. आणि १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या दस्तासाठी गाव-रजिस्ट्रारची निराळी व्यवस्था केली: दस्त त्याच्या देखरेखीखाली लिहिला जायचा, त्यावर त्याची साक्ष, नाहीतर पुराव्यात घेतला जाणार नाही. ती नोंदणी नेहमीच्या नोंदणीच्या तोडीची मानली जाई. म्हणून १८८० नंतर सूचीत गहाणे एकदम कमी दिसली तर 'कर्ज कमी झाले' असे लिहून मोकळे होऊ नका. ती दुसऱ्या पुस्तकात गेली असतील.

महसुलाकडे फेरफार नोंदी उपयोगाच्या, पण हक्कनोंदीची पद्धतच १९०३ च्या कायद्याने सुरू झाली आणि गावोगाव पोचायला वेळ लागला. त्याआधी जमीन हातातून गेली की जुना खातेदार राजीनामा देई आणि नवा कबुलायत (जमीन घेतल्याची लेखी कबुली) लिहून देई. ते कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधा. इथे एका शब्दापाशी थांबा. पेशवाईतल्या न्यायाच्या कागदांत 'राजीनामा' म्हणजे पंच देतील तो निवाडा मान्य करू असे वादी-प्रतिवादींनी आधी लिहून दिलेले. इंग्रजी कोर्टात 'राजीनामा' म्हणजे तडजोड करून दावा मिटवल्याचा कागद. महसुलात 'राजीनामा' म्हणजे जमिनीवरचा कब्जा सोडणे. एकच शब्द, तीन खाती, तीन अर्थ. सूचीत नुसता 'राजीनामा' दिसला तर कोणत्या खात्याचा कागद आहे ते आधी ठरवा, मग टिपण करा. 'आपखुशीने सोडली' असे वाक्य महसुली राजीनाम्यात ठरीव असते. त्यावरून खुशी सिद्ध होत नाही.

खरेदीखतांबद्दल सर्वांत जास्त सावध राहा. कायद्याने गहाणाचा हिशेब उघडला, तेव्हा गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेणे सोयीचे झाले. खूण अशी: ज्या दिवशी खरेदीखत, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विकणाऱ्यानेच त्याच सर्व्हे नंबरची कूळ म्हणून कबुलायत दिलेली. वार्षिक खंडाचा (जमीनभाड्याचा) आकडा 'किमती'च्या व्याजाइतका निघतो का ते पाहा. निघाला तर ती विक्री नावापुरतीच. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ९२ लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा अडवत असे, आणि १९०७ च्या १०-अ ने नेमकी हीच अडचण शेतकऱ्यापुरती दूर केली. १९०७ च्या आधीची आणि नंतरची खरेदीखते शेजारी ठेवून पाहा. या विषयावर सगळ्यात कसदार प्रकरण इथे होईल असे माझे ठाम मत आहे.

नमुना: एक तालुका, त्यातली तीन-चार गावे, आणि तीन साले, उदाहरणार्थ १८७८, १८८५ आणि १९०५. प्रत्येक सालच्या पन्नास नोंदी, एकूण दीडशे. आठ महिन्यांत एवढे झेपते. तालुक्याची हद्द मात्र त्या सालची घ्या. तुमच्या नावातली भीमथडीच बघा: सुपे तेव्हा तिच्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. आजच्या नकाशावरून गावे निवडली तर जुनी पुस्तके दोन कार्यालयांत विभागलेली निघतील. १८८५ च्या पुणे गॅझेटिअरच्या तीन भागांत गावांची आणि तालुक्यांची तेव्हाची मांडणी आहे, तिथून सुरुवात करा.

गावात गेलात तर पहिल्याच वाक्यात सांगा की काम इतिहासाचे आहे आणि काळ शंभर वर्षांपूर्वीचा. जुना उतारा मागणारा परका माणूस म्हणजे जमिनीचा दावा येणार, असाच समज होतो. आजच्या घराण्यांची नावे प्रबंधात टाळा, सर्व्हे नंबरही सांकेतिक करा.

वाचनकक्ष

वरच्या सगळ्यांशी सहमत, एका मुद्द्यावर नाही. विशेष न्यायाधीशांचा अहवाल 'सगळ्यात जवळचा' म्हटला आहे. तो वरून खाली पाहणारा कागद आहे. कोर्टाच्या पायरीवर काय चालले होते ते वर्तमानपत्रांत आणि सभांच्या कागदांत पाहा. पुण्यात 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासून, 'केसरी' आणि 'मराठा' १८८१ पासून. सार्वजनिक सभा १८७० ची, तिचे इंग्रजी त्रैमासिक १८७८ पासून, त्यात शेतकी कर्जावर आणि या कायद्यावर सविस्तर लेख आहेत. सभेच्या पुढाकाराने १८७० च्या दशकात लवाद कोर्टेही चालली होती. कायद्यातल्या सलोखेदाराच्या कल्पनेशेजारी ती ठेवून पाहिली तर १८७९ चा कायदा कोऱ्या पाटीवर लिहिलेला नव्हता हे दिसते.

पण ही सगळी माणसे शिकलेली, शहरातली आणि बरीच वकील. कलम ६८ ने शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलांना दार बंद केले होते. त्यामुळे वकिलांची टीका वाचताना हा हितसंबंध लक्षात ठेवा. टीका खोटी असेल असे नाही, पण कोण बोलतो आहे ते टिपणात लिहा. याच्या दुसऱ्या टोकाला जोतीराव फुल्यांचे १८८३ चे 'शेतकऱ्याचा असूड' आहे. कोर्टातले कारकून, वकील आणि खत लिहिणारे कुळकर्णी यांच्याविषयीचा त्यातला राग हा त्या काळचा पुरावाच आहे. खत लिहिणारा, साक्ष घालणारा आणि ते कोर्टात वाचून दाखवणारा एकाच वर्तुळातले असतील तर कलम १२ ची चौकशी कितपत खोल जाईल, हा प्रश्न तिथून उठतो आणि उत्तर तुमच्या दीडशे नोंदींत मिळेल: साक्षीदारांच्या सह्यांचा एक रकाना ठेवा. तीच दोन-तीन नावे पुन्हा पुन्हा येतात का ते मोजा.

वर्तमानपत्रे चाळायची पद्धत: आधी सरकारने दर आठवड्याला इंग्रजीत काढलेला देशी वृत्तपत्रांचा गोषवारा पाहा. तो भाषांतरकाराने निवडलेला असतो, म्हणून उद्धृत करू नका, फक्त तारीख शोधायला वापरा आणि मग मूळ मराठी अंकातला मजकूर घ्या. अग्रलेखांइतकेच लिलावाच्या जाहिरातींकडे लक्ष द्या. गाव, सर्व्हे नंबर, हुकूमनाम्याचा दावा क्रमांक आणि तारीख तिथे छापलेली असते. रेकॉर्ड रूमला हवा असलेला क्रमांक असा बाहेरून मिळतो.

साधने कशी जोडायची, हा तुमचा तिसरा प्रश्न अजून कोणी घेतला नाही. माझ्या मते विषयवार प्रकरणे पाडण्याआधी दहा व्यवहार निवडा, ज्यांचे किमान तीन जातींचे कागद मिळाले आहेत: दस्त, कोर्टाची नोंद, महसुली नोंद. प्रत्येकाची एक तारीखवार पट्टी बनवा. जिथे दोन कागद एकमेकांशी भांडतात तिथे लाल खूण. उदाहरणार्थ हुकूमनाम्यात कलम २० खाली हप्ते बांधून दिलेले, पण हप्त्यांची मुदत संपण्याआधीच राजीनामा-कबुलायत झालेली. कोर्टाच्या कागदावर शेतकरी वाचला, तलाठ्याच्या दप्तरात जमीन गेली.

दरखास्त

'वाचनकक्ष' यांचा आक्षेप मान्य. 'वरून सगळ्यात जवळचा' असे म्हणायला हवे होते.

एक भर. एकतर्फी निकालांचे प्रमाण हा या विषयातला फार वापरला जाणारा आकडा आहे, कारण १८७५ च्या आधी कुळ कोर्टात येतच नसे ही मोठी तक्रार होती. १८७९ च्या कलम ७ ने प्रतिवादीची साक्ष घेणे न्यायाधीशावर टाकले, घेतली नाही तर कारण लेखी नोंदवायचे. त्यामुळे १८८० नंतर एकतर्फी निकाल घटले तर त्यात कुळाचे धैर्य किती आणि न्यायाधीशाचे बंधन किती, हे नुसत्या टक्केवारीवरून सांगता येत नाही. रोजनामा मिळाला तर पाहा: प्रतिवादी 'हजर' आहे एवढेच लिहिले आहे की 'हजर, हिशेब नाकबूल'. कबूल करून गेलेल्या आणि नाकबूल केलेल्या कुळांचे दोन वेगळे रकाने करा. रक्कम वादात असेल तर कलम १२ ची चौकशी सुरू होते. जे नुसते हजर राहून 'देणे कबूल' म्हणाले, त्यांच्या खतामागे कोणी गेले की नाही, ते स्वतंत्र मोजावे लागेल.